पहिल्या वर्षाचा भरलेला वर्ग तिसऱ्या वर्षापर्यंत कसा टिकवावा?

मॅडम, आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या ठिकाणचे, कला आणि विज्ञान शाखा असलेले आपले महाविद्यालय पहिल्या वर्षाला पूर्ण भरते, पण तिसऱ्या वर्षाला निम्मा वर्गही दिसत नाही, जे उरतात ते तासाला बसतात, परंतु तोंड उघडत नाहीत, प्रेरणादायी व्याख्याने झाली, मेंटॉर-मेंटीच्या (शिक्षकाकडे ठरावीक विद्यार्थी सोपवण्याच्या) वह्या भरून झाल्या, आणि आता व्यवस्थापन बायोमेट्रिक हजेरीचे यंत्र घेण्याच्या विचारात आहे. विद्यार्थी साहाय्याची जबाबदारी नुकतीच आपल्याकडे आली असल्यामुळे, सुरुवात कुठून करावी असे आपण विचारले आहे.

विदर्भाच्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांत शिकवताना आणि हेच काम पाहताना माझे जे मत बनले आहे ते आधीच सांगतो. आपल्याकडची बहुतेक गळती वर्षातल्या ठरावीक आठवड्यांत, आधी ओळखता येण्यासारख्या अडचणींमुळे होते, आणि त्या आठवड्यांत महाविद्यालयातल्या एकाही माणसाला तिचा पत्ता लागत नाही म्हणून ती कायमची होते. अभ्यासाची आवड, जिद्द, ध्येय या गोष्टी खोट्या नाहीत; पण ज्या मुलाची बस साडेआठला पोहोचते आणि ज्याचा पहिला तास साडेसातला सुरू होतो, त्याच्यापुढे जिद्दीवर व्याख्यान देऊन काही हाती लागत नाही.

पहिले काम मोजणीचे आहे, कारण आपल्या हातात असलेले बहुतेक आकडे गळती झाकतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या अहवालात उत्तीर्णांची टक्केवारी विचारली जाते ती अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची. त्यामुळे पहिल्याच सत्रात निघून गेलेली मुलगी त्या भागाकाराच्या छेदातसुद्धा येत नाही, आणि निम्मा वर्ग गमावलेले महाविद्यालय उरलेल्या निम्म्यांच्या बळावर उत्तम निकाल दाखवू शकते. सकल नोंदणी गुणोत्तराचे, म्हणजे महाविद्यालयीन वयाच्या लोकसंख्येशी असलेल्या नोंदणीच्या प्रमाणाचेही तसेच आहे. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशाचे हे गुणोत्तर २८.४ टक्के होते, मात्र ते नोंदणी मोजते, त्यातून पदवी घेऊन बाहेर किती पडले हे कळत नाही. म्हणून आपण स्वतःची मोजणी करावी. तीन वर्षांपूर्वीचे प्रथम वर्षाचे प्रवेश रजिस्टर काढावे आणि प्रत्येक नावासमोर त्याचे गाव, येण्याचा मार्ग, बारावीची शाखा व माध्यम, पहिल्या चाचणीची हजेरी, पहिल्या सत्राचा परीक्षा अर्ज भरला की नाही, त्याचा निकाल आणि दुसऱ्या वर्षाचा प्रवेश एवढेच लिहावे. दोन सहकारी आणि कार्यालयातील जुने बाबू सोबत घेतले तर हे काम आठवडाभरात होते. बाबूंना मुद्दाम सोबत घ्यावे, कारण रजिस्टरमध्ये न लिहिलेले त्यांना ठाऊक असते: हा मुलगा बोनाफाईड (विद्यार्थी असल्याचा दाखला) नेण्यापुरताच आला होता, हिचे लग्न पहिल्या सत्रातच झाले, याचे वडील वारले आणि तो ट्रॅक्टरवर बसला.

यादी पूर्ण झाली की 'गळती' या एका शब्दाखाली चार-पाच निरनिराळी माणसे उभी असल्याचे दिसते. काहींनी प्रवेश घेतला, पण ते वर्गात कधी आलेच नाहीत. त्यांना वसतिगृह, एसटीचा पास किंवा पोलीस भरतीच्या तयारीसाठी शहरात राहण्याचे निमित्त हवे होते. काही पहिला महिना-दीड महिना नियमित आले आणि नंतर थांबले. काहींनी तास केले, पण परीक्षा अर्जाची तारीख हुकली किंवा शुल्क जमले नाही. काहींनी परीक्षा दिली, तीन-चार विषय राहिले आणि त्यानंतर ते दिसले नाहीत. थोडे दुसऱ्या महाविद्यालयात किंवा अभ्यासक्रमाला गेले; त्यांना गळती म्हणूच नये. या प्रत्येकाला लागणारा उपाय वेगळा आहे. माझ्या अनुभवात सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत सहज थांबवता येणारा गट दुसरा आणि तिसरा आहे. पहिल्या गटावर शक्ती घालवण्यात फारसा अर्थ नाही, त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

यादीत गळतीचा महिना भरला की तो शेतीच्या पंचांगाशी ताडून पाहावा. आपल्या भागात प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, वर्ग खऱ्या अर्थाने ऑगस्टमध्ये लागतात, तोवर निंदण-डवरणाचे दिवस असतात. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीला येते, त्याच सुमारास कापसाची वेचणी सुरू होते आणि ती जानेवारीपर्यंत पुरते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, आणि घरात वेचणारे दोन हात कॉलेजात बसलेले असतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात हेच दडपण जुलै-ऑगस्टच्या रोवणीत आणि नोव्हेंबरच्या कापणीत येते. त्यापुढे जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता असतो. शिवाय चंद्रपूर-गडचिरोलीतून मिरची तोडणीसाठी तेलंगणात जाणारी कुटुंबे सत्राच्या मध्यावरच गाव सोडतात. विद्यापीठाची हिवाळी परीक्षा नेमकी या सुगीच्या तोंडावर किंवा तिच्या मधोमध पडते. ती हलवणे आपल्या हाती नाही. परंतु अंतर्गत मूल्यमापन, प्रात्यक्षिकांच्या वह्या, प्रकल्प सादर करण्याच्या तारखा आपणच ठरवतो, आणि सवयीने त्या सगळ्या सत्राच्या शेवटी, म्हणजे सुगीच्या ऐन धांदलीत ठेवतो. पोळ्याच्या आधी पहिली छोटी चाचणी घ्यावी, तिचा निकाल आठवडाभरात द्यावा, आणि अंतर्गत गुणांपैकी निम्मे तरी दसऱ्यापूर्वी विद्यार्थ्याच्या खात्यात जमा झालेले असावेत. 'माझे इतके गुण झाले आहेत' हे माहीत असलेला मुलगा वेचणीनंतर परत येण्याची शक्यता बरीच वाढते, कारण गमावण्यासारखे काहीतरी त्याच्या हातात असते.

आता बसकडे येतो. या विषयावर मी नेहमी थोडे जास्तच बोलतो अशी सहकाऱ्यांची तक्रार असते.

एसटीच्या अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्याही बारावीपर्यंतच्या मुलींसाठीच आहेत. त्यामुळे जी मुलगी बारावीपर्यंत फुकट आणि शाळेच्या वेळेला धरून चालणाऱ्या गाडीने येत होती, ती पदवीच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकताच दोन्ही गमावते. विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या प्रवासात ५० टक्के सवलत मिळते हे खरे, पण शून्यापासून काहीतरी रुपयांपर्यंतचे अंतर घरात फार मोठे भरते, विशेषतः धाकटा भाऊही शिकत असेल तेव्हा. पास काढण्यासाठी बोनाफाईड लागते, ते कार्यालयातून तिसऱ्या खेपेला मिळते, आणि तोवर तिकीट काढून येण्याचे पैसे संपलेले असतात. प्रवेशाच्या दिवशीच, पावतीसोबत, बोनाफाईड हातात द्यावे. या एका कामाला एक रुपयाही लागत नाही.

वेळापत्रकाचे दुखणे यापेक्षा खोल आहे. एका महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या अनिवार्य इंग्रजीचा तास वर्षानुवर्षे सकाळी साडेसातला होता, कारण त्या विषयाच्या प्राध्यापकांना पुढे कनिष्ठ महाविद्यालयाचे तास असत. दोन मार्गांवरची पहिली बस आठ पस्तीसला स्थानकात लागत असे. त्या मार्गांवरच्या गावांतील एकाही मुलाने तो तास कधी ऐकला नव्हता, आणि निकाल लागला की 'ग्रामीण मुलांचे इंग्रजी कच्चे' असा शेरा दरवर्षी न चुकता पडत असे. तास दहाच्या पुढे नेल्यावर शेऱ्याचे कारणच उरले नाही. आपण आपल्या यादीतील गावे मार्गानुसार लावून घ्यावीत, प्रत्येक मार्गावरची पहिली येणारी आणि शेवटची जाणारी बस लिहावी, आणि मगच वेळापत्रक समितीसमोर बसावे. अनिवार्य विषय आणि प्रात्यक्षिके मधल्या वेळेत, ऐच्छिक गोष्टी कडेला. शेवटची बस सव्वाचारला असेल तर तीन ते पाच या वेळेत ठेवलेले रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक मुलींना दूर लोटण्यासाठीच ठेवले आहे असे समजावे. ज्या मार्गावर फेरीची वेळच अडचणीची आहे, तिथे प्राचार्यांच्या सहीचे पत्र, गावांची नावे आणि त्या मार्गावरील पासधारकांची संख्या घेऊन जूनमध्येच आगार व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भेटावे. नुसते 'विद्यार्थ्यांची गैरसोय होते' असे लिहिलेले निवेदन फाइलला लागते. 'या फेरीला अमुक गावांचे इतके पासधारक आहेत, फेरी वीस मिनिटे आधी सुटावी' असे लिहिलेले निवेदन वाहतूक नियंत्रकाला वापरता येते.

हे सगळे विद्यापीठीय कामाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असे कुणाला वाटत असेल, तर न्यूयॉर्कचे उदाहरण सांगावे. तेथील सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत 'असॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात पूर्णवेळ शिकण्याची अट होती, आणि तिच्या बदल्यात शुल्कातील तूट, पुस्तकांची मदत, थोडेच विद्यार्थी सांभाळणारा सल्लागार आणि शहरातील बस-मेट्रोचा मोफत पास मिळत असे. हा पास कार्यक्रमातील नियमित सहभागाशी जोडलेला होता. चिठ्ठ्या टाकून दोन गट करून झालेल्या अभ्यासात तीन वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण कार्यक्रमातील विद्यार्थ्यांत सुमारे ४० टक्के, तर इतरांत सुमारे २२ टक्के निघाले. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एका शहरातही प्रवासाचा पास हा शैक्षणिक उपाय ठरला, तर विदर्भातल्या घाटंजी, कोरची किंवा धारणीत तो का ठरू नये?

वर्गातल्या मौनाबद्दल आपण लिहिले आहे, आणि ते गळतीपासून वेगळे नाही. व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडले की विद्यार्थी संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक अशा दोन्ही जीवनात किती मिसळतो यावर त्याचे टिकणे बऱ्याच अंशी अवलंबून असते. ही मांडणी वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना धरून आहे, ये-जा करणाऱ्यांना लागू पडत नाही, अशी टीका तिच्यावर झाली. पुढे टिंटोने स्वतःच भर दिला की रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थेत मिसळण्याची जागा मुख्यतः वर्ग हीच आहे. आपल्याकडे तर हे अक्षरशः खरे आहे. बसने येणारी मुले स्नेहसंमेलनाच्या तालमीला थांबत नाहीत, ग्रंथालयात बसत नाहीत, कॅन्टीनला जात नाहीत. त्यांचे महाविद्यालय म्हणजे ते चार तास. त्या चार तासांत त्यांच्याशी कुणी बोलले नाही, तर महाविद्यालय त्यांच्याशी बोललेच नाही.

विज्ञान शाखेत भाषेचा धक्का याच वेळी बसतो. मराठी माध्यमातून दहावी, 'सेमी'तून बारावी, आणि पदवीला पुस्तक, फळा, प्रश्नपत्रिका सगळे इंग्रजीत. मेळघाटातल्या कोरकू, गडचिरोलीतल्या माडिया-गोंडी किंवा यवतमाळातल्या कोलामी बोलणाऱ्या मुलांसाठी तर मराठीच दुसरी भाषा असते, म्हणजे त्यांच्यापुढे दोन पायऱ्या असतात. हे विद्यार्थी प्रश्न विचारत नाहीत, कारण प्रश्न कुठल्या भाषेत विचारायचा हेच त्यांना ठरवता येत नाही. वऱ्हाडीत किंवा पूर्व विदर्भाच्या झाडीबोलीत प्रश्न विचारला तर वर्ग हसतो, आणि शिक्षकही हसला की तो मुलगा त्या सत्रात पुन्हा बोलत नाही. पहिल्याच आठवड्यात शिक्षकाने स्पष्ट सांगावे की प्रश्न कुठल्याही बोलीत चालेल, आणि स्वतः एक-दोनदा त्याच बोलीत उत्तर द्यावे. संज्ञा इंग्रजीत, स्पष्टीकरण मराठीत, आणि फळ्याच्या कोपऱ्यात त्या तासाच्या आठ-दहा संज्ञा अर्थासह लिहिलेल्या, एवढी शिस्त पाळली तरी पहिल्या सत्राचे रूप बदलते.

याच्या जोडीला अभ्यासगट करावेत, पण ते हुशार-कच्चे असे मिसळून न करता बसच्या मार्गानुसार करावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एकाच मार्गावरची पाच-सहा मुले दुपारी सुटल्यावर बसस्थानकावर तास-दीड तास एकत्र बसलेली असतात. ती वेळ महाविद्यालयाला फुकट मिळते. वर्गात दिलेले एक अवघड उदाहरण किंवा उताऱ्यावरचे तीन प्रश्न त्यांनी तिथे सोडवून दुसऱ्या दिवशी गटातल्या कुणीही एकाने सांगावेत. गट मार्गाचा असल्यामुळे एखादी मुलगी दोन दिवस आली नाही तर का आली नाही हेही गटाला ठाऊक असते. गणितज्ञ युरी ट्रीझमन यांनी १९७० च्या दशकात बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पाहिले होते की कलनशास्त्रात मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनत भरपूर करत होते, पण एकेकटे. त्यांनी त्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र बसून कठीण उदाहरणे सोडवण्याचे वर्ग सुरू केले, आणि 'कच्च्यांची शिकवणी' हा शिक्का त्यांच्यावर पडू दिला नाही. आपल्याकडे रेमेडियल, म्हणजे मागे पडलेल्यांसाठीच्या जादा वर्गाची सूचना फलकावर नावांसकट लागते. त्या यादीत आपले नाव पाहून किती मुले वर्गाला येतील आणि किती घरी जातील, याचा अंदाज आपल्यालाही असेल.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, आधारशी जोडलेले बँक खाते, यांपैकी एक कडी तुटली की शिष्यवृत्ती अडते आणि परीक्षा अर्जाच्या वेळी कार्यालय 'आधी शुल्क भरा' म्हणते. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, हे बहुतेकांना प्रवेशानंतर बरेच उशिरा कळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्कमाफी मिळाली. बातम्यांत मात्र ते 'मुलींचे शिक्षण मोफत' असे पोहोचले, आणि बी.ए.च्या खिडकीवर पालक त्याच समजुतीने येतात. त्यांना खिडकीवरच नीट समजावणारा, ज्याचे नाव आणि फोन क्रमांक सगळ्यांना माहीत आहे असा एक माणूस नेमावा. समिती नको, समितीला फोन लावता येत नाही.

आता मेंटॉरच्या वह्या. नॅकला मेंटॉर-मेंटीचे प्रमाण दाखवायचे असते म्हणून वह्या भरल्या जातात, आणि सत्राअखेरीस एकाच शाईने, एकाच बैठकीत भरल्या जातात, हे आपण दोघेही जाणतो. त्याऐवजी एकच नियम करावा: प्रथम वर्षाचा विद्यार्थी लागोपाठ सहा कामाचे दिवस दिसला नाही, तर सातव्या दिवशी घरी फोन जातो. फोन कुणी करायचा हे नावानिशी ठरलेले असावे. फोनवर काय बोलायचे तेही आधी ठरवावे लागते, कारण आपला पहिला फोन बहुधा धमकीसारखा वाजतो. 'हजेरी कमी आहे, फॉर्म अडेल' असे म्हटले की पलीकडून 'बरं सर' एवढेच येते. एका वडिलांनी दिलेले उत्तर मला नमुना वाटते: "पोरगी वावरात हाय सर, कापूस येचाले. दिवाई झाली का धाडतो." या वाक्यात नकार नाही, त्यात परतीची तारीखही आहे. त्यावर शिक्षकाने म्हणावे की ठीक आहे भाऊ, पण परीक्षा अर्जाची शेवटची तारीख दिवाळीच्या आधी आहे, एक दिवस तिला पाठवा, मी स्वतः भरून घेतो, आणि तोवर तिच्या मैत्रिणीबरोबर टिपणे पाठवतो. नंतर दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन करावा. दुसरा फोन पहिल्यापेक्षा महत्त्वाचा, कारण सुगी लांबली की परतण्याची लाज वाटू लागते: 'आता इतके दिवस गेलो नाही, सर काय म्हणतील?' ही लाज मोडायला कुणीतरी आधी बोलवावे लागते.

इथे एक अडचण आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ग्रामीण महाविद्यालयांत अनेक पदे रिक्त आहेत आणि बरेच अध्यापन तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर चालते. ज्यांना घेतलेल्या तासाचेच मानधन मिळते, तेही वेळेवर मिळत नाही, त्यांच्यावर फोन आणि भेटींचे विनामोबदला काम टाकणे अन्यायाचे आहे. शिवाय पुढच्या वर्षी ते असतीलच याची खात्री नाही. नियमित शिक्षकांनी प्रथम वर्षाचेच विद्यार्थी वाटून घ्यावेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची वाटणी सरळ सोडून द्यावी. सगळ्यांना थोडे-थोडे देण्यापेक्षा प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्राला सगळे दिलेले बरे. मुलींच्या घरी फोन शक्यतो मॅडमनी करावा, आणि लग्नाचा विषय निघाला तर वाद न घालता लग्नानंतरही परीक्षा देता येते, परीक्षा अर्ज आणि प्रकल्पाचे काम आम्ही सांभाळून घेऊ, हे सासरच्या माणसांपर्यंत पोहोचेल अशा शब्दांत सांगावे. मुलींसाठी दिवसभर उघडे असलेले, बाहेरून कुलूप न लावलेले स्वच्छतागृह आणि बसायला एक खोली, ही अट मी इथेच नोंदवून ठेवतो. तिच्यावर अधिक लिहिण्याची गरज पडू नये.

सहभागासाठी व्याख्यानांपेक्षा जबाबदारी द्यावी. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचे काम आणि दत्तक गावातील सात दिवसांचे विशेष शिबिर असते. त्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलाला गटप्रमुख करून त्याच्याकडे प्रथम वर्षाचे दहा जण सोपवले, तर अकरा जण बांधले जातात. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईच्या (गावजत्रेच्या) निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके होतात, आणि आपलेच कित्येक विद्यार्थी त्यात नट, वादक, नेपथ्याचे साहाय्यक असतात. दुसऱ्या दिवशी वर्गात डुलकी लागली म्हणून त्यांना बाहेर काढणाऱ्या मराठी विभागाने त्याच नाटकांवर प्रकल्प द्यायला काय हरकत आहे? नव्या अभ्यासक्रम रचनेत क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेतच. कृषी सेवा केंद्र, जिनिंग, ग्रामपंचायत, बचत गट ही आपल्या तालुक्यातली खरी कार्यस्थळे आहेत. कमवा आणि शिका योजनेतील काम झाडलोटीपुरते न ठेवता ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि शिष्यवृत्ती अर्जांच्या मदतीचे द्यावे. ज्याने स्वतःचा अर्ज धडपडत भरला तो दुसऱ्याचा अर्ज कोणत्याही बाबूपेक्षा चांगला भरतो.

पहिल्या गटाबद्दल लिहायचे राहिले होते. पोलीस भरती, अग्निवीर किंवा स्पर्धा परीक्षेसाठी नावापुरता प्रवेश घेणारी मुले आपल्याकडे राहणारच. पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलाला आळशी कोण म्हणेल? त्यांना मैदान, ग्रंथालयातली जागा आणि परीक्षा अर्जाची आठवण एवढे द्यावे, आणि मोजणीत त्यांची वेगळी नोंद ठेवावी, म्हणजे त्यांच्यामुळे इतरांचे आकडे गढूळ होत नाहीत. ज्यांना खरोखरच जावे लागते, त्यांच्यासाठी दार उघडे ठेवण्याची व्यवस्था आता नियमांत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पहिल्या वर्षानंतर, ठरलेले श्रेयांक आणि चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केल्यास प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या खात्यात, जमा राहतात. व्यवहारात मात्र चाकणला कंपनीत निघालेल्या मुलाला हे कुणी सांगत नाही; तो टीसी मागायला येतो आणि थकीत शुल्काची पावती घेऊन परततो. टीसीच्या खिडकीवरच पाच मिनिटांची भेट सक्तीची करावी: किती श्रेयांक जमा आहेत, कुठले विषय राहिले, परत कधीपर्यंत येता येईल, नाहीच जमले तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र जवळ कुठे आहे, हे एका कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावे आणि त्याचा चालू असलेला मोबाइल क्रमांक आपल्याकडे ठेवावा.

यंत्राबद्दल. बायोमेट्रिक हजेरीला माझा विरोध नाही, परंतु आपल्या अडचणीत ते उशिरा उपयोगी पडणारे साधन आहे. बससाठी उशीर झालेल्या विद्यार्थिनीला ते गैरहजर ठरवते आणि अंगठा लावून पोलीस भरतीच्या मैदानावर गेलेल्याला हजर ठरवते. ७५ टक्के हजेरीच्या अटीचा हिशेब सत्राच्या शेवटी करायचा असेल तर त्याची अचूकता फार तर दंड आकारायला कामी येईल. व्यवस्थापनाने निधी मंजूर केलाच असेल, तर त्यातून या वर्षी दोन मोबाइल जोडण्या, प्रथम वर्षाच्या गरजू मुलींच्या पासाची पहिल्या तीन महिन्यांची रक्कम आणि कार्यालयात दुपारी दोन ते चार बसणारा एक कमवा-शिकाचा विद्यार्थी, एवढे मागून पाहावे. पुढच्या जूनमध्ये आपली यादी पुन्हा काढावी, दोन वर्षांच्या पहिल्या सत्रांची तुलना करावी, आणि यंत्राचा प्रस्ताव त्या बैठकीपुढे ठेवावा.